बट्टी चुरणारा हात

त्यानं माझं मनगट धरलं आणि हात वरणाच्या बादलीत दाबला.

वरण नुकतंच चुलीवरून उतरलेलं होतं. तुरीचं, घट्ट, वर हिंगाची फोडणी. मी ओरडले. गुरासारखी ओरडले. तो थांबला नाही. दात खाऊन म्हणाला, "ह्याच हातानं चुरलं ना? ह्याच ना?"

हॉलमध्ये पंगत बसलेली होती. टेबल-खुर्चीची, खुर्च्यांना मागं गुलाबी फिती बांधलेली. सगळं वऱ्हाड बघत होतं. एका बाईनं तेवढी आपल्या पोराची मान दुसरीकडे वळवली. स्वतः मात्र बघत राहिली.

मी हात ओढून काढला तेव्हा वरण कोपरापर्यंत चिकटलेलं होतं. पुसायला गेले तर वरणाबरोबर कातडी आली. मग त्यानं माझी वेणी धरली, कानफटात मारली आणि मला ढकललं. टेबलाचा कोपरा बरगडीत बसला. खाली पडले तर तोंडासमोर तोच घास, त्याच्या बापानं, आबांनी थुंकलेला. तूप लावलेला. मीच चुरून दिलेला.

माझा गुन्हा काय, ते आधी सांगते.

जळगावच्या बाहेर हायवेला ते हॉटेल आहे. वर खोल्या, खाली लग्नाचा हॉल. मी तिथं हाउसकीपिंगला. नाव हाउसकीपिंग, काम संडास धुण्याचं. त्या दिवशी दोन वाढपी आले नव्हते आणि पंगत तर बसलेली. कॅप्टन म्हणजे हॉलमधल्या वाढप्यांचा मुकादम, जामनेरकडचा माणूस. तो धावत मागं आला आणि म्हणाला, "हात धू, ॲप्रन घाल, बट्टी घेऊन तिसऱ्या रांगेत जा."

मी हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत. ॲप्रन घातला. आरशात पाहिलं आणि, खोटं कशाला बोलू, मला हसू फुटलं. रोज तो आरसा मी पुसायचे. त्यात स्वतःकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

वऱ्हाड धुळ्याकडचं होतं. मीही धुळ्याकडचीच. बाप गेल्यावर आई मला घेऊन असोद्याला आली, केळीच्या बागांत कामाला. इथं आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. कोणाची कोण, कोणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. हॉटेलात मी पुस्तकातली मराठी बोलायचे. "सर, आणखी काही हवं का?" "मॅडम, टॉवेल बदलून देऊ?" आमची अहिराणी घरी, आईशी. ती मी चपलेसारखी दाराशी काढून कामावर जायचे.

तिसऱ्या रांगेच्या टोकाला एक म्हातारे बसले होते. पांढरा फेटा, नाकावर चष्मा. ताटात बट्टी, भाजलेल्या कणकेचा कडक गोळा, पडली, पण हात कापत होता, ती चुरता येईना. आमच्याकडं बट्टी नीट चुरल्याशिवाय वरण ओतत नाहीत. कडक गोळ्यावर वरण ओतणाऱ्याला आमच्यात हसतात. म्हातारे माझ्याकडं बघून म्हणाले, "माय, बट्टी चुरी दे वं. मना हात थरथर करस."

मना हात थरथर करस. किती दिवसांनी परक्याच्या तोंडून माझी बोली ऐकली! माझी जीभ सैल झाली. इथंच चुकलं. मी म्हणाले, "द्या आबा, चुरी देस. तूप जास्ती टाकू का?"

आबांचा चेहरा खुलला. मी वाकून बट्टी चुरली. बारीक, रव्यासारखी. मधे खळगा केला, तूप सोडलं, वर वरण. आबांनी घास घेतला, मान डोलावली.

"आपली बोली बोलस तू तं! कोठली शे?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"अरे, मनंच गाव! कोनी आंडेर वं तू?"

कोणाची लेक, विचारत होते. मला थाप मारता आली असती. गावात पुष्कळ घरं आहेत. पण तोंडात गोडवा आला होता, आणि बापाचं नाव घ्यायचं राहून किती दिवस झाले होते. मी बापाचं नाव सांगितलं. म्हणाले, "डफ वाजाडे ना आबा, त्यानी."

आबांचं तोंड चालायचं थांबलं. त्यांनी मला शिवी दिली नाही.  घास माझ्या पायाशी थुंकला आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाला सांगितलं, "मांगनी शे ही."

तीन शब्द. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

ते थुंकले तेव्हा कुठं मी त्यांना ओळखलं. माझ्या बापानं ह्याच आबांच्या दारात डफ वाजवला होता. त्यांच्या लेकींच्या लग्नात, सुनांच्या वरातीत. बोटं फुटेस्तोवर वाजवला. तेव्हा तो हात चालायचा. त्याच हातावर भाकर टाकायची तर वरून टाकायचे. बाप खाली वाकून झेलायचा, वर हसायचाही. मी लहान होते, मला तो खेळ वाटायचा.

कॅप्टन धावत आला. मला वाटलं, मला उठवायला येतोय. त्यानं हात जोडले, ते त्या मारणाऱ्यापुढं. "साहेब, चूक झाली. सगळी रांग बदलून देतो." आणि खरंच बदलली. आख्ख्या रांगेची ताटं उचलली, टेबलं पुसली, नवीन वाढलं. माणसं पुन्हा जेवायला बसली. वरण मात्र तेच होतं. ज्यात माझा हात बुडवला ती बादली कोणी बदलली की नाही, ते मला आजही माहीत नाही. नसेल बदलली तर बरंच झालं. खाल्लं असेल सगळ्यांनी.

कॅप्टननं मला मागच्या दाराशी नेलं आणि भिंतीवर आपटलं.

"आधी सांगायचं ना!"

"काय सांगायचं होतं?"

"हेच."

आईनं हाताला कोरफड लावली. रडली नाही. तिला विचारायचं होतं ते तिनं एकदाच विचारलं, "कोनी करं वं हाई?" मी आबांच्या घराचं नाव सांगितलं. तिनं उरलेली कोरफड मनगटावर पिळली. मग म्हणाली, "आते वाढाले जाऊ नको. संडास धोवानं काम बरं. तठे कोनी हात देखत नही."

आम्ही ठाण्यावर गेलो होतो. साक्षीदार कोण, असं विचारलं. आख्खा हॉल साक्षीदार होता. त्यातला एकही आला नाही. वाढपी म्हणाले, आम्ही स्वयंपाकघरात होतो. कॅप्टन म्हणाला, मुलीच्या हातून बादली सांडली. हॉलमध्ये कॅमेरा आहे. तो त्या दिवशी बंद होता म्हणे. लग्नाच्या दिवशी कॅमेरा बंद! बरं.

मी पुन्हा संडास धुवायला लागले. पोट कोणाला चुकलंय? फरक एवढाच की आता सगळ्यांना माहीत झालं होतं. चहाच्या टेबलावर माझा पेला वेगळा झाला. कोणी म्हणालं नाही की हा तुझा. एक दिवस त्याच्या काठावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिसला, एवढंच. मी तो पेला उचलला आणि मोरीच्या दगडावर आपटला. स्टीलचा होता, फुटला नाही. चेपला. दुसऱ्या दिवशी चेपलेला पेला माझा झाला.

मग ते ट्रेनिंग आलं.

मालकांनी, म्हणजे शेठजींनी, सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. हॉटेलात काम करणाऱ्यांसाठी मोबाइलवर कोर्स आहे, फुकट आहे, जो पास होईल त्याला सर्टिफिकेट. धुळ्याला देवपुरात त्यांचं नवीन हॉटेल उघडायचं होतं. त्या आणि ह्या, दोन्ही हॉलमध्ये पुढं सर्टिफिकेटवालेच उभे राहणार. कोर्स तीन प्रकारचे. काउंटरचा, खोल्या-सफाईचा आणि वाढण्याचा. त्याला ते फूड सर्व्हिस म्हणतात.

कॅप्टन एकेकाचा मोबाइल घेऊन नोंदणी करत होता. प्रत्येकाला विचारायचा, "तुला कुठला?" माझा मोबाइल घेतला. विचारलं नाही. सफाईवर बोट ठेवून मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "तुमच्या लोकांच्या हातातच असतं ते."

मी मोबाइल घेतला. जिन्यात गेले. कोर्सचं पान पुन्हा उघडलं. खाली बारीक अक्षरात होतं, कोर्स बदलायचा आहे का? मी हो दाबलं. फूड सर्व्हिस निवडलं. मोबाइलनं विचारलं, तुमची खात्री आहे का?

मला आयुष्यात कोणी असं विचारलं नव्हतं. माणसानं नाही विचारलं, यंत्रानं विचारलं. माझं भाजलेलं बोट त्या काचेवर नीट उमटेना. कातडी गुळगुळीत झालीय ना. चार वेळा दाबलं. पाचव्यांदा डाव्या हाताच्या अंगठ्यानं दाबलं. हो. खात्री आहे.

मग तयारीला लागले. वर्ग दुपारी असायचे. मी चादरींच्या खोलीत मोबाइल फिनेलच्या कॅनला टेकवून बसायचे. असोद्याला घरात रेंज नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांच्या गच्चीवर. ताट पाहुण्याच्या कुठल्या बाजूनं ठेवायचं, पाणी कुठल्या बाजूनं ओतायचं, ट्रे डाव्या तळव्यावर कसा तोलायचा. सगळं पाठ केलं. अवघड काहीच नव्हतं. अवघड होता उजवा हात. पाण्याचा जग तिरपा केला की मनगटावरची नवी कातडी ताणायची आणि तडकायची. रक्त यायचं. फडकं बांधून पुन्हा ओतायचे. आईच्या पितळी तांब्यातून बादलीत, बादलीतून तांब्यात. त्या प्रत्येक तांब्याला मी आबांच्या मुलाच्या तोंडावर उकळतं पाणी ओतलं आहे. मनात. हे लपवत नाही. सहनशील बाई बघायची असेल तर दुसरीकडे बघा.

एक दिवस शिकवणारे सर पडद्यावरून म्हणाले, "आज स्वच्छतेची तपासणी. सगळ्यांनी कॅमेरा चालू करा आणि दोन्ही हात दाखवा. आधी पालथे, मग उताणे."

पडद्यावर चौकटीच चौकटी, आणि चौकटीत हातच हात. आमच्या हॉटेलातले सगळे वाढपी होते. कॅप्टनही होता, त्यालाही सर्टिफिकेट हवं होतं. मी हात वर केले.

"उजव्या हाताला काय झालंय? स्वयंपाकघरात भाजलं का?"

 मला कॅप्टनचा चेहरा दिसत होता. तो डोळ्यांनी मला हो म्हण, हो म्हण करत होता.

मी म्हणाले, "नाही सर. मी मांगाची. एका आबांची बट्टी चुरून दिली. त्यांच्या मुलानं हात वरणात बुडवला. ह्याच हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत. कॅप्टनसरांनी पाहिलंय."

पहिल्यांदा बोलले. एवढ्या लोकांत. 

सर पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "नखं स्वच्छ आहेत. हात पास. पुढचे."

मला संताप आला. एवढंच? एवढं सांगितलं आणि नखं? घरी जाताना गाडीत ते घोळत राहिलं. मग लक्षात आलं की त्या माणसानं माझा हात पाहिला, माझी जात ऐकली आणि तरी हात पास म्हणाला. ह्या जिल्ह्यात माझ्या हाताला मिळालेला तो पहिला निकाल होता. तरी राग गेला नाही. अजून नाही गेलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालचा लेडीज संडास धूत होते. कॅप्टन आत आला. दार लावलं.

"शेठचं नाव घालवलंस चारचौघांत. आणि फूड सर्व्हिसला कोणी टाकलं तुला?"

"मी."

त्यानं माझ्या ॲप्रनच्या खिशातून मोबाइल ओढला आणि कमोडमध्ये टाकला. डुबुक आवाज झाला. मी अजून ते धुतलेलं नव्हतं.

"काढ हातानं," तो म्हणाला. "तुमचं कामच ते."

माझ्या हातात ॲसिडची बाटली होती. फरशीचे डाग काढायची, पिवळं ॲसिड. मी झाकण उघडलं. वाफ आली. मी बाटली उचललीसुद्धा नाही. नुसती उघडली आणि त्याच्याकडं पाहिलं.

तो मागं सरकला. पाठ टाइल्सला लागली. त्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती, हातावर होती. ज्या हाताचा ह्यांना विटाळ होतो त्याच हाताची त्याला भीती वाटली. मी ती भीती डोळे भरून पाहिली. आई म्हणते तसं, चोराच्या मनात चांदणं. त्याला ठाऊक होतं आपण काय केलंय ते.

मी म्हणाले, "तू काढ."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'तू' म्हणाले.

त्यानं बाही वर केली. वाकला. कमोडमध्ये हात घातला, मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. त्याच्या हातातून पाणी निथळत होतं.

"धुऊन दे," मी म्हणाले.

त्यानं धुऊन दिला.

मी ॲसिड फेकलं नाही. का नाही फेकलं? दया आली म्हणून नव्हे. फेकायचंच होतं. खांदा मागं गेलाही असता. पण फेकलं असतं तर मी तुरुंगात आणि आबांचा मुलगा पंगतीत. मला पंगतीत उभं राहायचं होतं. मी झाकण लावलं आणि तो कमोड धुवायला घेतला, कारण तो घाण होता आणि माझी ड्यूटी होती.

त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? हात कोणी कुठं घातला, तेही सांगावं लागलं असतं.

मोबाइल तांदळात ठेवून वाळवला. चालू झाला. आवाज फाटका येतो तेव्हापासून. फाटक्या आवाजात उरलेला कोर्स पूर्ण केला.

परीक्षा हॉटेलातच झाली. हॉलमध्ये टेबल मांडलं, मोबाइल स्टँडला लावला, पलीकडून सर आणि आणखी एक मॅडम बघत होत्या. शेठजी इस्त्रीचा सदरा घालून बाजूला उभे. परीक्षेला प्रत्येकाला एक पाहुणा हवा, खुर्चीत बसायला. वाढपी एकमेकांचे पाहुणे झाले. माझा पाहुणा व्हायला कोणी तयार नव्हतं. मला ते आधीच माहीत होतं. मी आईला आणलं होतं.

ती बाहेर जोड्यांपाशी बसली होती. लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, ते कशानंच निघत नाहीत. मी तिचा हात धरून आत आणलं. कॅप्टननं तोंड उघडलं, पण पडद्यावर मॅडम बघत होत्या. शेठजींनी हसल्यासारखं केलं. आईला मी तिसऱ्या रांगेच्या टोकाची खुर्ची ओढून दिली. मुद्दाम तीच.

आई काठावर बसली, पडेल की काय अशी. हळूच म्हणाली, "माले कोनी वाढंच नही कधी. कसं बसतस?"

खरं होतं. जन्मभर उष्टी काढली, पंगत उठल्यावर उरलंसुरलं घेतलं, आणि घरी चुलीशी बसून स्वतःच स्वतःला वाढलं.  मी जरा कठोरच बोलले, "टेकी बस माय. ताट मी उचलसू."

मॅडम म्हणाल्या, "पाहुण्यांना आपली ओळख सांगा आणि पदार्थाची माहिती द्या."

बाकीच्यांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं होतं. मलाही पाठ होतं. पण मी अहिराणीत बोलले. माझं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं, तो डफ वाजाडे तेही सांगितलं. गाव सांगितलं, मांगवाडा सांगितला. मग म्हणाले, "हाई आपली बट्टी शे. चुरी देऊ का?"

आईनं मान हलवली. मी चुरली. उघड्या हातानं, भाजलेल्या हातानं, सगळ्यांच्या देखत. बारीक चुरली, खळगा केला, तूप, वरण. आई जेवली. अवघ्या हॉलमध्ये तिच्या चावण्याचा आवाज येत होता. ताट संपवून ती सवयीनं उठली, ताट उचलायला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"कसं झालं?" मॅडमनी पाहुणीला विचारलं.

"तूप कमी पडनं," आई म्हणाली.

मी पास झाले. सर्टिफिकेट आईनं पत्र्याच्या पेटीत ठेवलंय.

आता पुन्हा लग्नसराई आली आहे. काल कॅप्टननं मला हॉलमध्ये बोलावलं. हल्ली तो मला 'अहो' म्हणतो आणि माझ्यापासून दोन हात लांब उभा राहतो. म्हणाला, उद्यापासून तुम्ही वाढायला, शेठजींनी सांगितलंय. टेबलावर हातमोजे ठेवले. बाकी कोणाला हातमोजे नाहीत, मला एकटीला. "हे घाला. आणि पाहुण्यांशी ती बोली बोलू नका. कुठली म्हणून विचारलं तर जळगावची सांगा. तुमच्याच भल्यासाठी. उद्याचं वऱ्हाड धुळ्याचं आहे."

हातमोजे मी तिथंच ठेवले आहेत. ते संडासासाठी असतात, तिथं मला कोणी कधी दिले नाहीत.

उद्या मी बट्टी घेऊन पहिल्या रांगेत जाणार आहे. तो म्हणाला होता ना, आधी सांगायचं? तर आधीच सांगणार. घास तोंडात जायच्या आधी. प्रत्येक ताटापुढं उभी राहून, माझ्या बोलीत, बापाच्या नावासकट आणि मांगवाड्यासकट. ज्याला जेवायचं त्यानं जेवावं. ज्याला उठायचं त्यानं उपाशी उठावं. आणि कोणी माझ्या मनगटाला हात घातला, तर वरणाची बादली ह्या वेळी माझ्या हातात असेल.